शाळेच्या ब्लॉगवर मुलं कुठे आहेत?

'शैक्षणिक ब्लॉग' असं मराठीत शोधून पाहा. आधी जीआरची, म्हणजे शासन निर्णयांची, रास लागेल. खाली वेतननिश्चितीचे तक्ते, निकालपत्रकाच्या एक्सेल शीट, वर्णनात्मक नोंदींचे तयार नमुने, परिपाठाचे सुविचार, शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका. जिल्हा परिषद शाळांतल्या तंत्रस्नेही शिक्षकांनी गेल्या दहा-बारा वर्षांत रात्री जागून, स्वतःचा डेटा खर्चून हे सगळं उभं केलं आहे. त्यामुळे दुसऱ्या तालुक्यातल्या एखाद्या एकशिक्षकी शाळेचा किती वेळ वाचतो, ते तिथल्या गुरुजींनाच विचारावं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. फक्त या शेकडो पानांत एक गोष्ट शोधूनही सहसा सापडत नाही, ती म्हणजे मुलानं स्वतः लिहिलेला मजकूर.

शाळेच्या स्वतःच्या ब्लॉगवर जावं तर तिथे 'करण्यात आले' नांदत असतं. "आज शाळेत वृक्षारोपण उत्साहात करण्यात आले. पाहुण्यांचे स्वागत गुलाबपुष्प देऊन करण्यात आले. आभार प्रदर्शनाने कार्यक्रमाची सांगता करण्यात आली." खड्डे कुणी खणले, आणि त्यातलं एक रोप दुसऱ्याच दिवशी कुणाच्या शेळीनं खाल्लं, हे ज्याला पक्कं ठाऊक आहे तो चौथीत मागच्या रांगेत बसलाय. त्याला कुणी विचारलेलंच नाही.

तर ब्लॉग शिकण्याचं साधन होतो म्हणजे नेमकं काय होतं, ते जरा उलगडून बघू.

आधी वस्तू काय आहे ते. ब्लॉग म्हणजे उलटी वही. वहीत पहिलं पान वर असतं, इथे शेवटचं लिहिलेलं वर येतं आणि जुनं खाली सरकतं. प्रत्येक नोंदीवर तारीख पडते, प्रत्येक नोंदीला स्वतःचा पत्ता असतो, आणि खाली वाचणाऱ्याला लिहायला जागा असते. 'वेबलॉग' हा शब्द १९९७ साली वापरात आला. १९९९ मध्ये 'ब्लॉगर' नावाची सेवा निघाली आणि कोडिंगचं ओ की ठो न कळणाऱ्या माणसालाही फुकटात पान काढता येऊ लागलं. २००३ मध्ये गूगलनं ती विकत घेतली. आपल्याकडच्या शाळांचे बहुतेक ब्लॉग याच ब्लॉगरवर आहेत, कारण पैसे लागत नाहीत आणि जीमेल असलं की काम भागतं.

आता कुणी म्हणेल, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे की. आहे, पण ग्रुपवरचं सगळं वाहून जातं. सोमवारी टाकलेली कविता बुधवारी दीडशे 'सुप्रभात'खाली गाडलेली असते. ब्लॉगवर जूनमधली नोंद मार्चमध्येही जागच्या जागी असते, आणि दोन्ही शेजारी ठेवून मुलाला दाखवता येतात: बघ, तेव्हा चार ओळी लिहिल्या होत्यास.

पण ही सगळी सोय झाली. खरी गंमत वाचकाची आहे.

शाळेतला निबंध कोण वाचतं? एक माणूस वाचतो. त्याच्यासमोर साठ वह्यांचा गठ्ठा असतो, हातात लाल पेन असतं, आणि वहीत काय असणार हे त्याला उघडायच्या आधीच माहीत असतं. मुलालाही हे कळतं. मग 'पावसाळ्यातील एक दिवस' या विषयावर साठही वह्यांत धरतीमाता हिरवा शालू नेसते, साठही वह्यांत मोर पिसारा फुलवतो. अर्ध्या वर्गानं मोर फक्त पुस्तकात पाहिलेला असतो. मुलं खोटारडी नसतात. ज्याला काहीच जाणून घ्यायचं नाही अशा वाचकाला खरं कशाला सांगायचं, एवढाच त्यांचा हिशोब असतो.

आमच्या शाळेत हस्तलिखित निघायचं. सुबक अक्षरवाल्या चार मुली सगळ्यांचं लिखाण पुन्हा उतरवून काढायच्या, चित्रकलेचे सर मुखपृष्ठ रंगवायचे, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी ते काचेखाली ठेवलं जायचं. काचेखाली! पान उलटायचीही सोय नाही. मग ते मुख्याध्यापकांच्या कपाटात जायचं ते पुढच्या वर्षी जागा करण्यापुरतंच हलायचं. लेखक पंचवीस आणि वाचक शून्य, असा तो प्रकार. भित्तीपत्रकाचं नशीब थोडं बरं, येता-जाता कुणीतरी थांबायचं.

लिहिणाऱ्या मुलाला खराखुरा वाचक मिळवून द्यायची ही कल्पना इंटरनेटपेक्षा फार जुनी आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला डोंगरात बार-सुर-लू नावाचं गाव आहे. १९२० साली तिथे सेलेस्तँ फ्रेने नावाचा तरुण शिक्षक रुजू झाला. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जबर जखम झाली होती, त्यामुळे वर्गात फार वेळ बोललं की त्याला धाप लागायची. फळ्यापुढे उभं राहून तासभर शिकवणं अंगालाच झेपेना, तेव्हा त्यानं वर्गाची रीत बदलली. १९२४ च्या सुमारास एक छोटं छपाईयंत्र आणलं आणि मुलांच्या हाती दिलं. मुलं आपल्या मनानं लिहीत, वर्गात वाचून दाखवत, मतदानानं एक मजकूर निवडत, फळ्यावर सगळे मिळून तो दुरुस्त करत, आणि मग शिशाचे उलटे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, एकेक करून जुळवत. एक वेलांटी चुकली तर अख्खी ओळ सोडवावी लागे (फ्रेंचमध्ये वेलांटी नसते, पण खिळे जुळवलेल्या माणसाला मी काय म्हणतोय ते कळेल). शुद्धलेखन शिकवायला वेगळा तास लागत नसे.

खरा पुढचा डाव १९२६ मधला. फ्रान्सच्याच वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतात, समुद्रकाठच्या त्रेगुंक गावातल्या एका शिक्षकाशी फ्रेनेची ओळख झाली आणि दोन्ही शाळांनी आपापली छापलेली पानं एकमेकांना पाठवायला सुरुवात केली. डोंगरातली मुलं समुद्राबद्दल वाचू लागली, कोळ्यांची मुलं डोंगराबद्दल. आपल्या गावातल्या ज्या गोष्टीत सांगण्यासारखं काही आहे असं वाटत नव्हतं, तीच दुसऱ्या टोकाला कुणीतरी डोळे मोठे करून वाचतंय, हे मुलांना कळलं. ब्लॉगमध्ये याहून वेगळं काही नाही. खिळे नाहीत आणि टपालाचा खर्च नाही, इतकंच.

हे आपल्याकडे आणून बघू. पुढचा प्रसंग मी रचलेला आहे, पण त्यातले शब्द लोकांच्या तोंडचेच आहेत. कोकणात लांजा तालुक्यातली एक वाडीवरची शाळा धरा, आणि बीड जिल्ह्यातल्या धारूरकडची एक. दोन्ही शाळांनी ब्लॉग काढलाय आणि एकमेकांचं वाचायचं ठरवलंय. लांज्याच्या पाचवीतला एक मुलगा जुलैत लिहितो:

"काल मी शाळेत आलो नाही. आमची लावणी होती. आई आणि काकी तरवा काढत होत्या. बाबा पॉवर टिलरने चिखल करत होते. मी मुठी फेकत होतो. पाऊस लई होता म्हणून आजीने इरलं घेतलं. एक मूठ काकीच्या पाठीवर पडली. ती ओरडली नाही, तिने चिखल मारला."

आठ वाक्यं. हिरवा शालू नाही. पण बीडच्या मुलीला यातलं निम्मं कळत नाही, आणि ती खाली विचारते: "इरलं म्हणजे काय? छत्री का नाही घेत? मुठी कशाच्या?"

इथे थांबून बघा. हा प्रश्न गुरुजींनी विचारला असता तर मुलानं मान खाली घातली असती, कारण गुरुजींना इरलं माहीत आहे हे त्याला माहीत आहे. त्यांचा प्रश्न म्हणजे परीक्षा. बीडच्या मुलीला मात्र खरोखरच माहीत नाही. ती अडलीय, आणि तिला सोडवणारा तो एकटा आहे. तो घरी जाऊन आजीला विचारतो आणि दुसऱ्या दिवशी लिहितो:

"इरलं बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं असतं. ते डोक्यावरून पाठीवर येतं. लावणी वाकून करतात आणि दोन्ही हात चिखलात असतात म्हणून छत्री धरता येत नाही. इरलं आपोआप राहतं. तरवा म्हणजे भाताची रोपं, ती मुठीत मावतील एवढी बांधतात म्हणून मुठी. आता सगळे प्लॅस्टिक घेतात. आमच्या आजीचं एकच इरलं उरलंय."

पहिल्या मजकुरात बहुतेक घडलेलंच होतं. दुसऱ्यात वस्तूचं वर्णन आलं, 'म्हणून' दोनदा आलं, कारण आलं, 'आता' आणि 'पूर्वी' यांतला फरक आला. मराठीच्या अध्ययन निष्पत्तींत, म्हणजे मुलाला काय यायला हवं त्याच्या यादीत, वर्णन करणं, कारण सांगणं, तुलना करणं असं जे छापलेलं असतं ते एका टिप्पणीनं करून घेतलं. आणि आजीची मुलाखत फुकटात पदरात पडली.

मग दिवाळीच्या आधी बीडची मुलगी लिहिते, "आमचा कोयता पाडव्यानंतर जाणार आहे." लांज्याहून प्रश्न येतो: "कोयता कुठे जातो? आमचा तर घरीच असतो, नारळ फोडायला." तिचं उत्तर असं येतं:

"कोयता म्हणजे आई आणि वडील. मुकादम उचल देतो ती एका कोयत्याला देतो. दोघं मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता म्हणतात. ते कारखान्यावर ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्यात येतात. मी आजीपाशी राहते."

भूगोलाच्या पुस्तकातला 'हंगामी स्थलांतर' हा शब्द लांज्याच्या वर्गाला यानंतर वेगळा शिकवावा लागेल का?

या सगळ्यात काम करते ती टिप्पणी. म्हणून ब्लॉगचा निम्मा अभ्यास टिप्पणी लिहायला शिकवणं हाच असतो, आणि नेमकं तेच सगळीकडे राहून जातं. सोडून दिलं तर मुलं मोठ्यांचं बघून 'छान', 'मस्त', 'अप्रतिम सर' आणि अंगठा टाकतात. साधा नियम करावा: 'छान'ला बंदी. टिप्पणीत दोन गोष्टी हव्यात. मजकुरातलं नेमकं काय लक्षात राहिलं ते, आणि एक प्रश्न ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही. सुरुवातीचे दोन आठवडे ब्लॉग न उघडताच हे करून घेता येतं: वही फिरवायची, शेवटी कोऱ्या जागेत पेन्सिलीनं टिप्पणी लिहायची. ज्या वर्गात पेन्सिलीची टिप्पणी जमत नाही तिथे इंटरनेट आल्यानं जमणार नाही.

दुसरी अडचण, वाचक आणायचा कुठून? ब्लॉग उघडला म्हणजे जग धावत येतं असं नाही. पहिल्या महिन्यात सत्तर वेळा पान उघडलेलं दिसतं, त्यातले पन्नास वेळा आपणच. इंग्लंडमध्ये बोल्टनच्या एका प्राथमिक शाळेतल्या डेव्हिड मिचेल नावाच्या शिक्षकानं २०११ मध्ये यावर एक सोपी युक्ती काढली. चार शाळांचा गट करायचा. पहिल्या आठवड्यात एका शाळेची पाळी, बाकी तिघांनी तिचा ब्लॉग वाचायचा आणि टिप्पण्या टाकायच्या. दुसऱ्या आठवड्यात दुसरीची पाळी. महिन्यात फेरा पुरा होतो आणि मग नवी फेरी. 'क्वाडब्लॉगिंग' या नावानं हे पुष्कळ देशांतल्या शाळांत पोचलं. आपल्याकडे तर याला नवी यंत्रणाही नको. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला दर महिन्याला सगळे शिक्षक भेटतातच. पण मी म्हणेन की चारही शाळा एकाच केंद्रातल्या घेऊ नका. एक कोकणातली, एक मराठवाड्यातली, एक मेळघाटाकडची आणि एक मुंबई महापालिकेची घ्या. सगळ्यांना इरलं माहीत असेल तर प्रश्न येणार कुठून?

याचा खरंच उपयोग होतो का, असं विचारणाऱ्याला हात हलवत परत पाठवू नये म्हणून एक आकडा. ब्रिटनच्या नॅशनल लिटरसी ट्रस्टनं २००९ मध्ये ९ ते १६ वयाच्या ३,००१ मुलांची पाहणी केली होती. ब्लॉग लिहिणाऱ्यांपैकी ६१ टक्के मुलांनी आपलं लेखन 'चांगलं' किंवा 'खूप चांगलं' असल्याचं सांगितलं. ब्लॉगही न लिहिणाऱ्या आणि सोशल नेटवर्कही न वापरणाऱ्यांत हेच प्रमाण ४७ टक्के होतं. हा आकडा भाषणात वापरायला छान आहे, पण जपून. मुलांनी स्वतःबद्दल स्वतःच दिलेलं हे मत आहे, त्यांचं लेखन कुणी तपासलेलं नाही. शिवाय ज्याला मुळात लिहायला आवडतं तोच ब्लॉगकडे वळला असेल, हेही आहेच. आत्मविश्वास आणि ब्लॉग बरोबरीनं दिसतात, इतकंच यावरून म्हणता येतं.

आता प्रत्यक्ष वर्गात या. तीस मुलं, गुरुजींचा एक फोन, आणि वीज असली तर एक टीव्ही. प्रत्येक मुलाचा वेगळा ब्लॉग वगैरे विसरून जा. गूगलचं खातं स्वतःच्या नावावर चालवायला तेरा वर्षं पुरी लागतात, म्हणजे प्राथमिक शाळेत तो प्रश्नच मिटला. वर्गाचा एक ब्लॉग, चालवणारे गुरुजी, लिहिणारी मुलं. आठवड्याला दोन नोंदी. सहामाही, वार्षिक, सुट्ट्या, निवडणुकीची कामं वजा करून वर्षाला तीसेक आठवडे हाती लागतात. म्हणजे साठ नोंदी, दर मुलाला दोन. कमी वाटतात? वर्षभरात दोनदा आपलं लिखाण अनोळखी माणसानं मनापासून वाचलं, असं किती मोठ्या माणसांच्या वाट्याला येतं?

कामाची पद्धत फ्रेनेचीच उचलावी. आधी वहीत लिहायचं. शनिवारी चार-पाच जणांनी वाचून दाखवायचं, वर्गानं दोन निवडायची. एकाच मुलाची वर्णी पुन्हा पुन्हा लागू नये म्हणून ज्याची दोन झाली तो मतदानातून बाहेर. निवडलेलं फळ्यावर घेऊन सगळ्यांनी मिळून नीट करायचं. मग टाइप करणं. इथे मराठी शाळांची गाडी पूर्वी अडायची, आता तेवढी अडत नाही. २०१७ पासून गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करता येतं. एका मुलानं सावकाश वाचायचं, दुसऱ्यानं स्क्रीनवर काय उमटतंय ते बघायचं. फोन तुमच्या वाडीची बोली शिकलेला नसतो. तो 'तरवा'ची तलवार करील, 'इरलं'चं 'विरलं' करील. वर्ग पोट धरून हसतो आणि हसता हसता प्रत्येक शब्द तपासतो. याहून चांगला मुद्रितशोधनाचा तास मला सुचवता येणार नाही. संगणकावर टाइप करणारे असाल तर एक काळजी घ्या: जुन्या श्रीलिपी वगैरे फाँटांत टाइप केलेला मजकूर ब्लॉगवर चिकटवला की त्याचे किडेमकोडे होतात. युनिकोडमध्येच टाइप करा.

फळ्यावर 'नीट करायचं' म्हणजे किती, यावर शिक्षकांत भांडणं होतात. माझं मत सांगतो. वाचणाऱ्याचा अर्थ अडेल अशी चूक दुरुस्त करावी. ऱ्हस्व-दीर्घ मुलांना स्वतः शोधायला लावावेत. पण 'पाऊस लई होता' याचा 'खूप पाऊस कोसळत होता' करू नये. तो शब्द चुकलेला नाही, तो त्याच्या घरचा आहे. एकदा का मुलाला समजलं की आपलं वाक्य गुरुजी घासूनपुसून बदलणार, की तो पुढच्या वेळी थेट गाईडमधला मोर घेऊन येतो. आणि हल्ली गाईडचीही गरज नाही, फोनला सांगितलं की तो दोन सेकंदात 'पावसाळा' लिहून देतो. त्यावर पोलिसगिरी करत बसण्यापेक्षा विषय असे द्यावेत की नकलेला जागाच राहणार नाही: काल घरी कुणी काय दुरुस्त केलं, आमच्या गल्लीतली सगळ्यात भांडकुदळ कोंबडी, एसटी चुकली तेव्हा.

सुरक्षेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण मी स्वतः यात पोळलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तिथे आम्ही सहलीचे फोटो ब्लॉगवर टाकले होते. खाली हौसेनं मुलामुलींची पूर्ण नावं. टिप्पण्या कुणालाही टाकता येत होत्या आणि आधी तपासायची सोय आम्ही चालूच केली नव्हती. तिसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीच्या फोटोखाली कुण्या अनोळखी माणसानं तिच्या दिसण्याबद्दल लिहिलं. ते आम्हाला दिसायच्या आधी तिच्या मामाला दिसलं. पुढचा आठवडा कसा गेला ते सांगत नाही.

तेव्हापासूनचे माझे नियम कडक आहेत. नोंदीखाली फक्त पहिलं नाव, किंवा मुलानं स्वतः घेतलेलं टोपणनाव. चेहऱ्याचा फोटो नाही; वहीच्या पानाचा, हातांचा, काढलेल्या चित्राचा फोटो चालेल. फोन फोटोच्या पोटात जागेचा पत्ता साठवतो, तेव्हा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये टिप्पणी आधी शिक्षकाकडे आणि मग पानावर, ही व्यवस्था पहिल्या दिवशी लावायची. हवं तर ब्लॉग फक्त आमंत्रितांनाच दिसेल असाही ठेवता येतो, चार शाळांच्या गटाला तेवढं पुरतं. आणि पालक सभेत सगळं समजावून लेखी संमती घ्यायची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे आणि तिची वैयक्तिक माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घ्यावी अशी तरतूद आहे. पण कायदा नसता तरी आईला विचारल्याशिवाय तिच्या लेकराचं लिखाण जगापुढे टांगू नये, हे सांगायला लागू नये.

याहून अवघड प्रसंग वेगळाच असतो. मुलांना मोकळं लिहायला सांगितलं की ती मोकळं लिहितात. 'रविवारी घरी काय झालं' या विषयावर एखादी वही येते: "बाबा पिऊन आले. आईने मला आणि भावाला काकांकडे पाठवलं." लिखाण म्हणून ते वर्गातलं सगळ्यात चांगलं असू शकतं. ते ब्लॉगवर जाणार नाही. वर्गात मोठ्यानं वाचलंही जाणार नाही. म्हणून वह्या शनिवारच्या आधी शिक्षकानं चाळलेल्या हव्यात, आणि प्रत्येक मुलाला पानाच्या कोपऱ्यात 'फक्त सरांसाठी' असं लिहायची मुभा हवी. अशा वहीवर लाल पेन फिरवायचं नसतं. मधल्या सुट्टीत त्या मुलाशेजारी जाऊन बसायचं असतं.

आणि कधी कधी मूल खरं लिहितं ते थेट व्यवस्थेबद्दल. स्कॉटलंडमधल्या मार्था पेन या नऊ वर्षांच्या मुलीनं २०१२ मध्ये शाळेतल्या दुपारच्या जेवणावर ब्लॉग सुरू केला. रोजच्या ताटाचा फोटो, चवीला दहापैकी गुण, किती घास झाले त्याची मोजणी, आणि जेवणात केस सापडला का याचीही रीतसर नोंद! हळूहळू वाचक इतके वाढले की देशोदेशीची मुलं आपापल्या शाळेतल्या ताटांचे फोटो पाठवू लागली. जूनमध्ये तिथल्या स्थानिक कौन्सिलनं तिला शाळेत फोटो काढायला मनाई केली. एवढा गदारोळ उठला की ती बंदी जवळपास लगेचच मागे घ्यावी लागली. शाळांमध्ये जेवण पुरवणाऱ्या एका संस्थेसाठी ती ब्लॉगवरून देणग्या गोळा करत होती. त्या बंदीच्या बातमीनं देणग्यांचा ओघ असा वाढला की रक्कम एक लाख पौंडांच्या पुढे गेली, आणि त्या पैशांतून मलावीतल्या एका शाळेत स्वयंपाकघर उभं राहिलं.

ही गोष्ट मी शिक्षकांच्या बैठकीत सांगतो तेव्हा सुरुवातीला सगळे हसतात. मग कुणीतरी हळूच विचारतं, "आपल्या पोरानं खिचडीबद्दल असं लिहिलं तर?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की ब्लॉग उघडण्याआधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीसमोर हे बोलून घ्या. मुलानं डाळ पातळ होती असं लिहिलं तर आपण आधी डाळ बघणार की नोंद काढणार? याचं उत्तर 'नोंद काढणार' असेल, तर हस्तलिखित काढा आणि काचेखाली ठेवा.

राहता राहिली एक गोष्ट, ती फारच घरगुती आहे पण तिच्यापायी आपल्याकडचे सगळ्यात जास्त ब्लॉग मेले आहेत. बदली. ब्लॉग काढलेला असतो सरांच्या खासगी जीमेलवर. मग ऑनलाइन बदलीची यादी लागते, सर दुसऱ्या तालुक्यात जातात, आणि ब्लॉगवर शेवटची नोंद तशीच राहते, बहुतेक वेळा वृक्षारोपणाचीच. नव्या बाईंना पासवर्ड माहीत नसतो, सरांचा नंबर बदललेला असतो. खातं दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर गूगल ते बंदही करू शकतं. तेव्हा खातं शाळेच्या नावावर काढा, ब्लॉगरमध्ये प्रशासक म्हणून दोन शिक्षक ठेवा, दर परीक्षेनंतर सेटिंगमधून सगळ्या ब्लॉगचा बॅकअप उतरवून शाळेच्या संगणकात टाका. आणि चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, जनरल रजिस्टर, पोषण आहाराच्या साठा नोंदी अशी जी यादी होते, तिच्यात एक ओळ वाढवा: वर्गाचा ब्लॉग, नोंदी साठ, टिप्पण्या अमुक, पासवर्ड बंद पाकिटात. घेणाराची सही, देणाराची सही.